काकूंना विचारा : पाळणाघर बंद, मग फी कसली?

गेल्या वेळी मी मुलांच्या दुपारच्या झोपेवर लिहिलं होतं. त्यावर पत्रं येतील असं वाटलं होतं, पण झोपेचं कुणी नावही काढलेलं नाही. सगळी पत्रं फीची. मार्चच्या मध्यात पाळणाघरांना कुलपं लागली, आता जुलै 2020 चालू आहे, आणि आई-बापांचा आणि पाळणाघरवाल्या बायकांचा, दोघांचाही धीर सुटत चाललाय. नवीन वाचकांसाठी एवढंच सांगते की मी डोंबिवली पूर्वेला तीसेक वर्षं पाळणाघर चालवलं, आता ते माझी सून बघते. म्हणजे या भांडणात मी कुठल्या बाजूला उभी आहे ते उघडच आहे. ते ध्यानात ठेवूनच वाचा.

प्रश्न : काकू, माझी मुलगी अडीच वर्षांची आहे. घराजवळच्या एका पाळणाघरात ती वर्षभर जात होती. महिन्याची फी 5,500 रुपये. 16 मार्चपासून ते बंद आहे. एप्रिलची फी आम्ही पूर्ण दिली, मेची अर्धी दिली, जूनची दिलीच नाही, कारण माझ्या पगारात 30 टक्के कपात झाली आहे. आता ताईंनी ग्रुपवर लिहिलंय, 'जून-जुलैची अर्धी फी भरावी, अन्यथा जागा राखता येणार नाही.' सासूबाई म्हणतात, मूल आपल्या घरात, भरवतोय आपण, मग पैसे कशाचे? नवरा म्हणतो, देऊन टाक आणि विषय संपव. कायद्याने द्यावे लागतात का? (एक आई, ठाकुर्ली)

उत्तर : कायद्याचं आधी सांगते, ते लवकर आटपतं. व्हॉट्सअॅपवर 'सरकारने फी मागायला बंदी केली आहे' असं फिरतंय, आणि उलट बाजूने 'कोर्टाने फी घ्यायला परवानगी दिली' असंही फिरतंय. दोन्हींचा तुमच्याशी संबंध नाही. 30 मार्चला सरकारने परिपत्रक काढलं की लॉकडाऊनमध्ये फीची सक्ती करू नका. मग 8 मेचा शासन निर्णय आला की यंदा फीवाढ नको, आणि पालकांना फी महिन्याला किंवा तीन महिन्यांनी भरू द्या. त्या निर्णयाला 26 जूनला मुंबई उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. हे सगळं शाळांचं चाललंय. बिल्डिंगच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत चालणारं पाळणाघर यात कुठेच बसत नाही. आम्ही शाळा नाही, अंगणवाडी नाही, गुमास्ता काढला असला तर एक दुकान. अंगणवाडीच्या मुलांचा शिधा सरकारने घरपोच चालू ठेवला, सेविकांना मानधन आहे. आमच्या वाटेला कुठलाच कागद आलेला नाही.

मग उरतो तुमचा आणि ताईंचा आपसातला करार. आमच्या मजल्यावर वकील राहतात, त्यांना जिन्यात गाठून विचारलं. त्यांनी 1872 च्या करार कायद्याचं कलम 56 सांगितलं. ठरलेलं काम करणं अशक्य किंवा बेकायदा झालं, तर ते काम करायचं बंधन राहत नाही. पाळणाघर उघडणं आज बेकायदाच आहे. त्यामुळे तुम्ही कागदावर 'बंद असतानाही फी देऊ' असं लिहून दिलं नसेल, तर जूनची फी द्या म्हणून ताई तुम्हाला कोर्टात खेचू शकतील असं त्यांना वाटत नाही. मात्र हेही त्यांनीच सांगितलं की मग ताईंवरही तुमची जागा राखून ठेवण्याचं बंधन नाही. ही दुसरी अर्धी गोष्ट लोक ऐकून घेत नाहीत.

आता सासूबाईंचा प्रश्न. तो अगदी रास्त आहे, आणि ताईंनी त्याचं उत्तर ग्रुपवर धमकीच्या सुरात न देता आकड्यांत द्यायला हवं होतं. त्यांचे आकडे माझ्याकडे नाहीत, म्हणून आमचेच मांडते. फेब्रुवारीत आमच्याकडे 14 मुलं होती, प्रत्येकी 5,000, म्हणजे 70,000 जमा. जागेचं भाडं 18,000. दोन मदतनीस, प्रत्येकी 9,000. पोळीभाजी करणाऱ्या मावशी 6,500. किराणा, दूध, भाजी, गॅस मिळून 11,000. वीज, फिनेल, साबण, मोडलेली खेळणी 3,500. हे सगळं वजा जाता सुनेच्या हातात 13,000 राहायचे, आणि त्यात ती सकाळी आठपासून संध्याकाळी शेवटची आई लोकलमधून उतरेपर्यंत पायावर उभी असायची.

दार बंद झाल्यावर यातलं काय थांबलं? दूध-किराणा थांबला, फिनेल थांबलं, सुनेने स्वतःचे 13,000 सोडले. राहिलं भाडं आणि तीन बायकांचा पगार, मिळून 42,500, आणि विजेचं किमान बिल धरून 43,000. चौदांत वाटले तर एका मुलामागे 3,000 च्या थोडं वर. म्हणजे फीच्या साठ टक्क्यांच्या आसपास. आम्ही मालकाकडे गेलो, हातापाया पडलो म्हणा हवं तर, तेव्हा एप्रिलपासून त्यांनी भाडं निम्मं केलं. मग आकडा 34,000 वर आला, मुलामागे 2,430. म्हणून आम्ही 'अर्धी फी' मागू शकलो. अर्ध्या फीत अर्धा वाटा घरमालकाच्या मनाचा आहे. आणि हे चौदाही जण देतील असं धरून. प्रत्यक्षात जूनमध्ये नऊ जणांनी दिली.

तेव्हा ताईंना एकदा फोन करा, ग्रुपवर नको. जागा भाड्याची की स्वतःची, मालकाने काही सोडलंय का, आणि मदतनीस बायकांना आत्ता त्या काय देताहेत, एवढं विचारा. भाडं आणि पगार चालू असतील तर अर्धी फी ही अवाजवी मागणी नाही. तुमचा पगार 30 टक्के कापला गेलाय, तर अर्ध्याऐवजी तिसरा हिस्सा देते असं स्पष्ट सांगा. रक्कम कमी चालते, फोन न उचलणं चालत नाही. जागा स्वतःची असेल आणि मदतनिसांना मार्चमध्येच घरी बसवलं असेल, तर ही फी नाही, ताईंच्या घरखर्चाला मदत आहे. ती द्यावीशी वाटली तर द्या, पण तिला मदतच म्हणा, म्हणजे दोघींच्याही मनात गोंधळ राहणार नाही. मी असते तर त्यांनाही दिले असते, पण माझ्या बाजूचं मी सुरुवातीलाच सांगितलंय.

मदतनिसांच्या पगाराबद्दल लोक विचारतात, ते सरकारने सक्तीचे केले होते ना? केंद्राचा 29 मार्चचा आदेश होता की पगार कापू नका. तो 18 मेपासून मागे घेतला गेला, आणि 12 जूनला सर्वोच्च न्यायालयाने मालक-कामगारांनी आपसात बोलून मार्ग काढावा असं म्हटलं. म्हणजे आमच्या टिटवाळ्याच्या मावशींना जूनचा पगार मिळावा की नाही, हे आता कुठल्याच कागदावर लिहिलेलं नाही. ते तुमच्या-आमच्या अर्ध्या फीवर ठरतंय.

'जागा राखता येणार नाही' या वाक्याला मात्र घाबरू नका. कल्याण-डोंबिवलीत 2 जुलैपासून पुन्हा कडक लॉकडाऊन लागलाय, पाळणाघराबाहेर रांग लागलेली नाही. धमकी पोकळ आहे. भीती दुसरीच आहे, की दार उघडेल तेव्हा त्या ताई तिथे नसतील. आमच्या गल्लीतली दोन पाळणाघरं मेअखेर कायमची बंद झाली. एका जागी आता सॅनिटायझर आणि मास्कचं दुकान आहे.

प्रश्न : माझा मुलगा आणि सून पुण्यात नोकरीला आहेत. शाळा बंद झाल्या त्याच आठवड्यात सून नातवाला इकडे सोडून गेली. तेव्हापासून तो आमच्याकडेच आहे, मजेत आहे. मुलगा मात्र तिकडच्या पाळणाघराला दरमहा 3,000 रुपये पाठवतो. आम्ही गवळ्याचा खाडा धरतो, पेपरवाल्याचा धरतो. जे दूध घेतलंच नाही त्याचे पैसे देणारा माणूस मी आयुष्यात पाहिला नव्हता. तो माझ्याच पोटी निघाला. तुमचं काय मत? (एक आजोबा, वाई)

उत्तर : आजोबा, नमस्कार. पत्र वाचून हसू आलं, आणि तुमचा राग तितकासा खरा नाही असंही वाटलं. 'मजेत आहे' हे तुम्ही दोनदा लिहून एकदा खोडलंय.

गवळ्याचा दाखला तुम्ही दिलात तर तोच पुढे नेते. तुम्ही खाडा केलात तरी म्हैस दूध देतेच, आणि गवळी ते दूध डेअरीला घालतो. त्याचं नुकसान होतं ते दोन-चार रुपयांचं. आणि डेअरीनेही घ्यायचं थांबवलं तेव्हा काय झालं ते तुम्ही वाईत बसून पाहिलंच असेल. हॉटेलं, चहाच्या टपऱ्या, मिठाईची दुकानं बंद पडली, दूध अंगावर आलं, तेव्हा सरकारने रोज 10 लाख लिटर दूध 25 रुपयांनी विकत घेऊन त्याची भुकटी करायचं ठरवलं. पाळणाघरवालीची रिकामी दुपार विकत घ्यायला कुणी आलं नाही. तिच्याकडे दुसरं गिऱ्हाईक नाही, आणि दार तिने स्वतःच्या मर्जीने लावलेलं नाही. खाडा तुमचा नाही, तिचाही नाही.

2009 साली पुण्यात स्वाइन फ्लू आला होता, ऑगस्टमध्ये. शाळा-कॉलेजं बंद ठेवली होती, नाकाला रुमाल बांधून लोक फिरत होते. माझी धाकटी बहीण तेव्हा पुण्यात पाळणाघर चालवायची. आठवडाभराचा खेळ होता, एकाही पालकाने पैसे कापले नाहीत, विषयसुद्धा निघाला नाही. आठवडा असला की माणूस उदार असतो. चार महिने झाले की हिशेब करतो, आणि त्याने करावाच. तुमचा मुलगा पूर्ण फी देत असता तर मीही त्याला वेडा म्हटलं असतं. तो 3,000 देतो आहे, पाळणाघराची पुरी फी पुण्यात आजकाल 6,000 च्या खाली नसते. म्हणजे त्याने हिशेब केलाय.

पण एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत. फीचे जे पैसे वाचतात त्यातले किती वाईला येतात? नातवाचं दूध, फळं, त्याच्या मागे धावताना आजींचे दुखणारे गुडघे, हे कोण भरतंय? पेन्शनमधून चाललं असेल तर मुलाला तसं स्पष्ट सांगा. पाळणाघराचे तोडून घरी पाठव असं म्हणू नका, घरीही पाठव म्हणा. आई-वडिलांना पैसे पाठवायचे तर मुलांना फार संकोच वाटतो, त्यांना वाटतं तुम्हीच रागवाल.

प्रश्न : मी मुंबईतल्या एका सरकारी रुग्णालयात परिचारिका आहे, राहायला बदलापूरला. मुलगा चार वर्षांचा. नवरा औषध कंपनीत, त्यालाही सुट्टी नाही. एप्रिल-मेमध्ये एसटीने जात होते, 15 जूनपासून आमच्यासाठी लोकल सुरू झाली. मुलाला आलटूनपालटून सांभाळलं, आता ते निभत नाही. शेजारच्या बिल्डिंगमध्ये एक बाई गुपचूप चार मुलं सांभाळतात. आधी त्यांची फी 4,500 होती, आता 9,000 सांगतात. देऊ का? जुन्या पाळणाघराच्या ताईही अर्धी फी मागतात, त्यांचं काय करू? (बदलापूर)

उत्तर : ताई, तुम्हाला उपदेश करायचा अधिकार आम्हा घरात बसलेल्यांना नाही, तरी विचारलंत म्हणून सांगते. तिथे ठेवू नका.

फीसाठी नाही म्हणत. सरकारच्या आदेशात 10 वर्षांखालच्या मुलांनी आणि 65 वर्षांवरच्या माणसांनी घरातच राहावं असं म्हटलंय, म्हणून चार घरांतली चार मुलं एका वन बीएचकेत गोळा करणं नियमाविरुद्ध आहेच. पण नियम बाजूला ठेवा. तुम्ही वॉर्डातून घरी येता. तुमच्या मुलाला काही झालं नाही तरी तो ते त्या खोलीत घेऊन जाऊ शकतो, आणि उद्या तिथे एक मूल आजारी पडलं तर सगळी बिल्डिंग तुमच्याकडे बोट दाखवेल. नर्स म्हणून टाळ्या वाजवणारेच दाखवतील. ते तुम्हाला झेपणार नाही, आणि तुमची चूक नसताना झेपवायचं तरी का?

त्याऐवजी एकच बाई, एकच घर. एखादी ओळखीची, वयाने पन्नाशीच्या आतली, मधुमेह-दमा नसलेली बाई तुमच्याच घरी येऊन बसेल असं बघा. बंद पाळणाघरांतल्या मदतनीस आत्ता रिकाम्या आहेत, कामाच्या शोधात आहेत, आणि त्यांना मुलांची सवय आहे. तुमच्या जुन्या ताईंनाच विचारा, त्यांच्याकडची एखादी तुमच्याकडे येईल का. तिला 9,000 द्या, आनंदाने द्या. एका मुलासाठी तिचा पूर्ण दिवस जातो, ते पैसे जास्त नाहीत. चार मुलांचे मिळून 36,000 घेणाऱ्या बाईंबद्दल मात्र माझं मत चांगलं नाही. भाडं नाही, मदतनीस नाही, पावती नाही, आणि दारावर थाप पडली की मुलांना आतल्या खोलीत कोंडून ठेवायचं. अडलेल्याकडून घेतलेले पैसे ते.

अशी व्यवस्था झाली की जुन्या पाळणाघराच्या अर्ध्या फीचा प्रश्न सुटतो, कारण त्यांच्याच एका बाईचा पगार तुम्ही उचललेला असेल. ताईंना तसं सांगा. माझ्या सुनेने रुग्णालयात काम करणाऱ्या आयांकडून एप्रिलपासून काही घेतलेलं नाही, पण हे सगळ्यांना परवडेल असं मी म्हणणार नाही.

आणखी एक. मातृत्व लाभ कायद्यात 2017 साली दुरुस्ती झाली. त्यात 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता यायला हवं, असं आहे. सहा महिन्यांची रजा याच दुरुस्तीने आली, ती सगळ्यांना पाठ आहे. पाळणाघराचं कलम बायकांनाच माहीत नसतं. आत्ता रुग्णालयाच्या आवारात मूल न्यावं असं मी म्हणणार नाही. पण ती सोय तुमच्याकडे कागदावर तरी आहे का, आणि नसेल तर साथ असेपर्यंत घरी बाई ठेवण्याचा खर्च देणार का, हा अर्ज करण्याजोगा विषय आहे. अर्जावर एकट्या सही करू नका. तुमच्या पाळीतल्या लहान मुलं असलेल्या सगळ्या जणींच्या सह्या घ्या, आणि एक प्रत आवक शिक्का मारून स्वतःकडे ठेवा.

प्रश्न : आम्ही एडिसन, न्यू जर्सीला राहतो. तुमचा कॉलम आई पुण्याहून पाठवते. मुलगा तीन वर्षांचा आहे, डेकेअरची ट्यूशन महिन्याला 1,450 डॉलर. एप्रिलची पूर्ण घेतली, मेची अर्धी. 15 जूनपासून ते उघडलंय, पण आम्ही भीतीने पाठवत नाही. ते म्हणतात, जागा हवी तर पूर्ण ट्यूशन भरा. हा अन्याय नाही का?

उत्तर : इथून सांगणं म्हणजे आगाऊपणा, पण माझी भाची तिकडे अशाच एका केंद्राचा हिशेब बघते, तिला विचारून लिहिते.

दोन काळ वेगळे करा. 1 एप्रिलपासून तुमच्या राज्यात डेकेअर फक्त अत्यावश्यक सेवेतल्यांच्या मुलांसाठी उघडी होती. तेव्हाची फी हा वाद घालण्याजोगा विषय आहे. केंद्राने सरकारचं पगाराचं कर्ज, तुम्ही पीपीपी म्हणता ते, घेतलं होतं का हे विचारा. घेतलं असेल तर त्या काळातले शिक्षिकांचे पगार त्यातून निघाले असतील, आणि तेवढ्या काळाची पूर्ण फी तुमच्याकडून घेणं मला पटत नाही. पुढच्या महिन्यांत वळती करून मागा. 15 जूननंतरचं वेगळं आहे. आता दार उघडं आहे, माणसं कामावर आहेत, आणि तुम्ही पाठवत नाही. तिथे तुमची बाजू लंगडी आहे. सहीचा कागद काढून वाचा, त्यात जागा राखण्याची कमी रक्कम लिहिलेली असते बऱ्याच ठिकाणी. आणि ऑफिसातून मुलाच्या सांभाळासाठी पगारातून वर्षाला 5,000 डॉलरपर्यंत करमुक्त बाजूला काढत असाल, तर ती रक्कम यंदा मधेच बदलायची मुभा तिकडच्या आयकर खात्याने मे महिन्यात दिली आहे. तुमच्या कंपनीने ती स्वीकारलीय का ते विचारा, नाहीतर ते पैसे बुडतील.

आईला नमस्कार सांगा.

प्रश्न : काकू, मी नाशिकला भाड्याच्या जागेत पाळणाघर चालवते. 11 मुलं होती. एप्रिलमध्ये सहा जणांनी फी दिली, मेमध्ये तिघांनी, जूनमध्ये एकीने. फोन उचलत नाहीत. प्रत्येकाची 3,000 रुपये अनामत माझ्याकडे आहे, ती फीत वळती करून घेऊ का? एक मैत्रीण म्हणते, झूमवर रोज अर्धा तास बालगीतं घे, म्हणजे फी मागायला तोंड राहील. एसी आणि खाटांसाठी घेतलेल्या कर्जाचा हप्ताही आहे. माझी मदतनीस गावी गेलीय, तिला काही पाठवायला हवं का? (नाशिक)

उत्तर : अनामतीला हात लावू नका. निदान न विचारता तरी नको. अनामत हा त्यांचा पैसा, तुमच्याकडे ठेवलेला. प्रत्येक आईला वेगळा मेसेज करा, 'अनामतीतून एक महिन्याची अर्धी फी वळती करू का, की परत पाठवू?' बऱ्याच जणी वळती करा म्हणतील. हातातून पैसे देण्यापेक्षा आधीच दिलेले सोडणं सोपं जातं, हे मी वर्षानुवर्षं पाहिलंय. परत मागेल तिला परत करा, एकदम जमत नसेल तर दोन हप्त्यांत करा, पण तारीख सांगा. नाशिक तसं लहान गाव आहे. अनामत दिली नाही हे पाळणाघर उघडायच्या आधी पंचवटीपासून सिडकोपर्यंत पोचलेलं असेल.

झूमचं नाव काढू नका. दोन वर्षांच्या पोराला फोनसमोर बसवायचं, मागे आईने त्याचं डोकं धरून ठेवायचं, आणि तुम्ही इकडे 'ये गं ये गं सरी' म्हणत एकट्याच टाळ्या वाजवायच्या. फी मागायला निमित्त म्हणून मुलांचा असा वापर करणं मला आवडत नाही. फी मागायला निमित्त लागत नाही, हिशेब लागतो. वर ठाकुर्लीच्या ताईंना आमचा मांडून दाखवलाय, तसा तुमचा मांडा आणि सगळ्यांना पाठवा. भाडं किती, पगार किती, स्वतःचं किती सोडलं. कुणाची किती बाकी आहे त्याची यादी मात्र ग्रुपवर टाकू नका. ज्या आईची नोकरी गेलीय तिचं नाव त्या यादीत सगळ्यांसमोर येईल, आणि ती पुन्हा तुमच्या दारात येणार नाही.

कर्जाचा हप्ता रिझर्व्ह बँकेच्या सवलतीने 31 ऑगस्टपर्यंत थांबवता येतो. पण व्याज चालूच राहतं. भरता येत असेल तर भरा, अगदीच जमत नसेल तर थांबवा. घरमालकाशी बोललात का ते तुम्ही लिहिलं नाहीत. बायका पालकांच्या मागे लागतात आणि मालकाकडे जायला लाजतात. पहिल्यांदा तिकडे जा. सोबत मार्चपासूनची जमा-खर्चाची वही घेऊन जा. जागा सोडली तर या दिवसांत नवा भाडेकरू मिळणार नाही, हे त्यांनाही कळतं. फक्त ते तुम्ही बोलून दाखवू नका.

पुन्हा उघडाल तेव्हा साध्या कागदावर दोन्ही बाजूंच्या सह्यांनी एवढं लिहून घ्या : 'सरकारी आदेशाने किंवा साथीमुळे पाळणाघर बंद राहिल्यास पहिल्या 7 दिवसांची पूर्ण फी. आठव्या दिवसापासून निम्मी. बंद 2 महिन्यांच्या वर गेल्यास पालकाने किंवा पाळणाघराने 15 दिवस आधी सांगून जागा सोडावी. अनामत त्यानंतर 30 दिवसांत परत.' आमच्या सुनेने हेच लिहिलंय. निम्म्याच्या जागी तुमच्या हिशेबात जो आकडा निघेल तो घाला. इंग्रजीत लिहू नका, आणि बाळाचं दप्तर आत ठेवायच्या घाईत सही घेऊ नका, घरी वाचायला द्या.

मदतनिसीचं शेवटचं. हो, पाठवा. पूर्ण नाही जमणार, 2,000 पाठवा. जनधन खात्यात बायकांना सरकारचे महिन्याला 500 येत होते, ते तीन महिन्यांचेच होते, जूनमध्ये संपले. ती कुणाकडे मागणार नाही. आणि पैसे पाठवायच्या आधी फोन करून विचारा की खातं कुणाच्या नावावर आहे, तिच्या की दिराच्या. दिराच्या असेल तर मनीऑर्डर करा. पोस्टमन तिच्या हातात देतो.